वाचनालयाच्या संगणकाच्या तीन चकत्या

पूर्णगड, दि. १२ नोव्हेंबर

चि. नम्रता हिस भागोजीमामाचे आशीर्वाद.

तुझा खोकला गेला असेल असं धरून चालतो. नसल्यास मामीने सांगितलेला काढा घे (घेत नाहीस, हे तिला ठाऊक आहे). आम्ही दोघं बरी आहोत. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस आणि माझं बोलणं भरकटतं, म्हणून लिहितोय.

वाचनालयाचा संगणक बंद पडला तेव्हा कमिटी तो भंगारात काढायला निघाली होती. मी भर सभेत उठून सांगितलं की माझी भाची पुण्यात हेच काम करते, लिनक्स नावाची प्रणाली फुकट मिळते, ती घालून आठवड्यात चालू करून देतो. (तीस वर्षं लाँचचं इंजिन सांभाळलेल्या माणसाला असं बोलायची सवय असते.) संगणक इतका जुना की पेनड्राइव्हला ओळख देईना, म्हणून तू डीव्हीडी करायला सांगितलीस. तू इथे ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर मी फाईल उतरवली, चकतीवर कॉपी केली आणि वाचनालयात नेऊन घातली. संगणक ढिम्म. मग तू समजावलंस की फाईल नुसती ठेवायची नाही, इमेज म्हणून चकतीवर लिहायची, तरच संगणक तिच्यावरून सुरू होतो. म्हणजे मी ताटात तांदूळ वाढले होते, भात केलाच नव्हता.

दुसरी चकती छान लिहिली जात होती. ऐंशी टक्के झाली होती. (त्या लॅपटॉपची बॅटरी मेलीय हे तुला माहीत, मामीला नव्हतं.) तिने मिक्सर लावायला त्याची वायर काढली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मघापासून गरगर फिरणारी चकती बघत बसलायत. वाटण काय ती चकती करणार?" बांगड्याचं कालवण उत्तम झालं होतं, हे नमूद करतो. फुकट गेलेल्या दोन्ही चकत्या सुकत घातलेल्या मासळीवर टांगल्यात. कावळे फिरकत नाहीत.

तिसरी मात्र चालली. पडद्यावर सगळं मराठीत उमटलं. मग त्याने विचारलं, डिस्क पुसून प्रणाली बसवायची का? मला वाटलं माझ्या चकतीबद्दल विचारतोय. पुसू दे, मामीचे वाटणाचे हात लागलेत. 'होय' दाबलं. पुसली गेली ती संगणकाच्या पोटातली डिस्क, आणि तिच्यावरची बाराशे पुस्तकांची यादी, जी ग्रंथपाल ज्ञानेश्वरीताईंनी दोन वर्षं बसून टाईप केली होती.

भर समुद्रात इंजिन बंद पडलं की लपवून चालत नाही. मी ताईंना जाऊन खरं ते सांगितलं. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या काढल्या. मग म्हणाल्या, "पुस्तकं कपाटातच आहेत ना, भागोजीभाऊ? मग बसा. मी नावं वाचते, तुम्ही टाईप करा."

तेव्हापासून रोज बसतो. एका बोटाने. काल 'ज्ञ' सापडला (ताईंसमोर तो इतके दिवस न सापडणं बरं दिसत नव्हतं).

तुझा,
भागोजीमामा

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. एकशे चाळीस पुस्तकं झालीत. तुझी दहाही बोटं चालतात. चार दिवस रजा टाकून ये.

ता. क. मी मामी. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी. लाँच सोडल्यापासून आठ महिने हे पडवीत बसून होते. जेवायला हाक मारली की उठायचे, तेवढंच. आता सकाळी दाढी करून डबा घेऊन निघतात, आणि घरी आले की कुठल्या पुस्तकात काय आहे ते मला सांगत बसतात. तू ये, चांगली आठ दिवस राहा. पण त्या यादीला हात लावू नकोस.