तिसऱ्या बोर्डावरचे नाव

मी, शिवानंद गुरप्पा बिराजदार, वय ६८, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेला इलेक्ट्रॉनिक्स फिटर, राहणार कुंभारी, उद्या सकाळी हृदयाच्या ऑपरेशनला जात आहे. माझे डोके शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. अक्षर वाकडे आले ते घाईमुळे. हे आधीच लिहायला हवे होते.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नी अक्कम्मा हिची. माडीवरची माझी कामाची खोली तिने खुशाल रिकामी करावी, पण एकदम नको.

२. भीमेला पूर आला त्या वर्षी मोबाइल बंद पडले, म्हणून मी माझा जुना बिनतारी रेडिओ सेट घेऊन नदीकाठच्या एका गावी गेलो होतो. तिथे निंगव्वा नावाची बाई बाळंतपणात अडली. बोट मागवायची, तर ऐन वेळी सेटची फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा क्रिस्टल गेला आणि सेट मुका झाला. बोट आपणहून फिरत चार तासांनी आली. निंगव्वा वाचली, मूल गेले. तसला क्रिस्टल पुढे कुठेच मिळेना. तेव्हापासून मी एक छोटा क्लॉक जनरेटर बोर्ड करतो आहे. कॉम्प्युटरवरून आकडा भरला की हवी ती फ्रिक्वेन्सी देणारा. वेगळा क्रिस्टल शोधायला नको.

३. पहिला बोर्ड चालूच झाला नाही. दुसरा चालला, पण रेडिओत गुरगुर येई. मी वायरी बदलल्या, ट्रान्सफॉर्मर बदलला, जेवणे टाकली. माझी मुलगी सिद्धेश्वरी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. ती म्हणाली, “अप्पा, हा कपॅसिटर चिपपासून लई लांब पडलाय. जवळ घ्या की.”

मी पाहुण्यांसमोर ओरडलो, “चाळीस वर्षं हेच केलंय मी. तू मला शिकवतेस?”

त्यानंतर दोन वर्षे ती माडीवर आली नाही. गेल्या महिन्यात मी गुपचूप कपॅसिटर जवळ घेऊन तिसरा बोर्ड करवून आणला. गुरगुर गेली. तिला सांगितले नाही.

४. सबब सर्व हत्यारे, ऑसिलोस्कोप व डिझाइनच्या फाइली सिद्धेश्वरीला. बोर्डावर तिचे नाव छापावे. फाइली इंटरनेटवर सर्वांसाठी फुकट ठेवाव्यात. सुट्या भागांचा व्यापारी अभिमन्यू हा बोर्ड स्वतःच्या नावाने विकायला मागतो. त्याला देऊ नये. चहा मात्र द्यावा. बोर्ड तापला की फ्रिक्वेन्सी किंचित सरकते, ते काम राहिले आहे.

५. एवढे लिहून मला बसवेना. मी गेल्यावर तिला कळून काय उपयोग? तिला बोलावले आणि साक्षीदारांदेखत कलम तीन व चार मोठ्याने वाचले. 

“अप्पा, एवढं सांगायला वकिली कागद लागला व्हय?”

“लागला,” मी म्हणालो.

तिने डोळे पुसले, कागद हातात घेतला आणि कलम तीनमधल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. सदर दोन्ही दुरुस्त्या मला मान्य आहेत.

सही: शिवानंद गुरप्पा बिराजदार

साक्षीदार:
१. बिरप्पा धुळाप्पा वाघमोडे, शेजारी
२. डॉ. सोनाली जोतिराम माने (लिहून देणार पूर्ण शुद्धीवर असल्याचे पाहिले)

स्थळ: कुंभारी, सोलापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५