गोड्या पाण्याची वसाहत

१ तारीख
आलो एकदाचे! वसाहतीत दोन हवेशीर खोल्या, खिडकीतून समुद्र दिसतो आणि त्याचं पाणी गोडं करणारा आमचा कारखानाही. पंप पाणी आत ओढतात, पडद्यांतून दाबाने गाळतात, मीठ मागे राहतं. शहराला ते थोडे क्षार मिसळून जातं. आम्हा कामगारांना मात्र थेट पडद्यातून आलेलं, अगदी शुद्ध. साहेब म्हणाले, ही खास सवलत. शेजाऱ्यांनी तर असं स्वागत केलं, की मीच लाजलो. शेजारच्या काकूंनी आमच्या चिऊचे इतके मुके घेतले, की पोरगी पार वैतागली. माणसं लाघवी आहेत.

६ तारीख
पाणी कितीही प्या, समाधान नाही. हिने भाजीत दुप्पट मीठ घातलं, तरी मला अळणीच. मी चिडवलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता तरी अंदाज येऊ दे. तिने डाव उगारला. चिऊने मात्र खारट खारट म्हणून ताट सरकवलं. ती इथल्या पाण्याला तोंडच लावत नाही, सगळं दुधावर चाललंय.

११ तारीख
काकूंनी अंगणात चिऊला चिमटा काढला. खिडकीतून पाहिलं मी. ती रडली, तशी जवळ घेतली, डोळे पुसले आणि बोटं चाटली. मग दुसरी बाई आली. मग तिसरी. रांगेत, शिस्तीत. मी धावत जाऊन पोरीला उचललं. काकू ओशाळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, जेवणातलं मीठ इथे कुणाच्या अंगी लागत नाही, माणसातलंच लागतं, तुम्हालाही कळेल. मी चिऊला घरात आणून दार लावून घेतलं.

१४ तारीख
राजीनामा दिला. साहेब हसले. आधी बाहेरचं पाणी पिऊन बघा म्हणाले. प्यायलो. भडाभडा ओकलो. हीसुद्धा. तरी उद्या निघायचंच, चिऊसाठी.

१५ तारीख
निघालो नाही. चिऊच्या दंडावर नवे वळ. दार दिवसभर बंद होतं, काकू आल्याच नाहीत. हिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली — ओठ चाटत होती. मी ओरडलो. ती रडायला लागली. तिचे अश्रू चाखून पाहिले. नुसतं पाणी.

१७ तारीख
चिऊ विचारते, आई का मारते. कुशीत घेतलं. गाल ओला होता. मी —
एकदाच. फक्त एकदाच.

१८ तारीख
आतून कडी. आत त्या दोघी. चिऊ बाबा, बाबा म्हणून हाका मारतेय. दार बडवून हात सोलले. सोडवायला नाही. ही एकटीच सगळं — मला थोडं तरी — कडी निघतेय —