हात वर करायची गरज नाही

३ सप्टेंबर
ठरलं! आमच्या टेकडीवरची सभा म्हणजे नुसता गोंधळ. वस्तीचे अध्यक्ष आर्नुल्फोकाका ओरडून विचारतात, लोक हात वर करतात, झाली लोकशाही. मेदेयीनसारख्या शहरात, या काळात! मी ॲप बनवणार.

५ सप्टेंबर, सकाळ
पहिला विषय: एदिल्मामावशीच्या घरामागचा चर. ऑक्टोबरच्या पावसाआधी खणला नाही, तर डोंगर तिच्या स्वयंपाकघरात. मावशी म्हणाली, बाळा, आधी चर खणा, मग काय ते खेळ कर. तिला डिझाइन कळत नाही. बिचारी.

१४ सप्टेंबर
बटणाचा रंग ठरेना. हिरवा फार सरकारी वाटतो. उद्यापासून पहाटे उठणार.

२६ सप्टेंबर
ॲप सुरू! घोषवाक्य माझंच: 'हात वर करायची गरज नाही.' अख्खी वस्ती चराच्या बाजूने. सभेला याच्या निम्मी माणसं येत नाहीत. काका कुरकुरले, की सभेत हात वर केला की रविवारी फावडं घेऊन यावंच लागतं, नाहीतर बायका तोंडावर विचारतात. इथे कोण कुणाला विचारणार? जुनं खोड!

२८ सप्टेंबर, रविवार
खणायचा दिवस. मावशीने सगळ्यांसाठी सांकोचोचं, म्हणजे मटण-कंदांच्या रश्श्याचं, मोठं पातेलं चढवलं. आले चौघे. काका दारोदार फिरले. जो तो म्हणे, आम्ही दिलं की मत! मी गेलो नाही. सर्व्हरकडे कुणी बघायचं? उरलेला रस्सा मावशीने मला पाठवला. झकास होता.

३० सप्टेंबर
'मी येतो' असं नवं बटण घातलं. लोकांनी धडाधड दाबलं. पहिला मीच.

५ ऑक्टोबर, रविवार
दोघे आले. त्यातले एक काका. मला सर्दी.

११ ऑक्टोबर
दरड आली. मावशीचं स्वयंपाकघर भिंतीसकट गेलं. ती पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. लगेच 'वाईट वाटलं' बटण लावलं. विक्रमी प्रतिसाद.

१९ ऑक्टोबर
मावशी बहिणीकडे निघाली, शेजारच्या बेय्यो शहरात. कायमची. ही टेकडी तिने नि काकांनी हातांनी वसवली होती. ती चिडणार म्हणून मी उत्तरं पाठ करून गेलो. चिडली नाही. फोन पुढे केला नि म्हणाली, बाळा, यातून माझं नाव तेवढं काढ, सारखं मत द्या, मत द्या म्हणून वाजतं, जीव घाबरतो.
बराच वेळ खटपट केली. सामान गाडीत चढलं, सगळी गल्ली उभी, काका माझ्याकडे बघतायत.
नाव काढायचं बटण मी बनवलेलंच नाही.