रुग्ण क्रमांक तीनचा अंगठा

प्रिय धाकटे,

सर्वप्रथम माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझ्या शोधनिबंधात माझ्या हाताचा जो फोटो छापलायस, त्यात नखांत खडू भरलेला आहे. अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवलं. जगाने दखल घेतली ती माझ्या दोनाऐवजी तीन पेरांच्या अंगठ्याची, तीही ‘रुग्ण क्रमांक तीन’ म्हणून. निदान हात धुऊन ये म्हणाली असतीस!

बाकी ठीक. तुझी वहिनी गुडघ्यांना आणि मला सारख्याच शिव्या घालते. नव्या मुख्याध्यापकांनी माझा तास शेवटचा ठेवलाय, म्हणजे मुलं झोपली तरी कुणाची हरकत नाही.

तू सगळ्यांचं रक्त घ्यायला आली होतीस, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून समजावलेलं अजून लक्षात आहे. गर्भात काही प्रथिनं असतात, ती जनुकांना जागं करतात, झोपवतात. हृदय कुठे, हात कुठे, हे त्यांच्या हुकमाने ठरतं. प्रयोगशाळेच्या टाकीतल्या तुझ्या माशांत, कोंबडीत, आपल्यात, रीत तीच. मी म्हटलं, म्हणजे सूत्रधारच की! आरंभी येतो, सगळ्यांना कामाला लावतो आणि निघून जातो. तू म्हणालीस, “दादा, आपल्या घरातला सूत्रधार अर्धपोटी आहे.” अंगठा घडवणारं आणि हृदयातला पडदा घडवणारं प्रथिन एकच, आणि आपल्याकडे ते निम्मंच तयार होतं. माझं अंगठ्यावर भागलं.

आपल्या दोघांच्या मधल्या भावाचं नाही भागलं. नऊ दिवसांचा होऊन गेला. आत्या जन्मभर आईला ऐकवत राहिली, “पोटुशी असताना जिने चढायची हौस भारी!” आई खाली मान घालून भांडी घासायची आणि बाबा, माझ्यासारख्याच तीन पेरांच्या अंगठ्याने पानं उलटत, शेजारी वर्तमानपत्र वाचायचे. दोष कुणाकडून आला, हे तुझ्यामुळे कळलं तेव्हा आई जाऊन सहा वर्षं झाली होती. कुणाची माफी मागायची?

मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं आणि तुझं पत्र आलं. “दादा, तिचा अंगठा तुझ्यासारखाच आहे, तिच्या प्रत्येक मुलाला निम्मा धोका, तिला सांग.” मी उलट कळवलं, “लग्नघरात तुझे मासे आणू नकोस.” तेव्हा फार चुरचुरीत वाटलं होतं मला ते वाक्य. तू पुन्हा विषय काढला नाहीस. काढायला हवा होतास, असं आता तुझ्यावरच चिडून म्हणतो. बघ माझी हिंमत.

तिला पाचवा महिना आहे. काल सोनोग्राफीवाल्या डॉक्टरबाईंनी बाळाचं हृदय नीट दिसत नाही म्हणून सोमवारी पुन्हा बोलावलंय. तिथूनच तिचा फोन आला, “बाबा, आपल्याकडे कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास होता का हो? फॉर्मवर लिहायचंय.” मी म्हणालो, “छे गं, कुणालाच नाही.” तिने तसं लिहिलंसुद्धा.

सोमवारच्या आत तिला तू सांग. मीच तुला गप्प बसवलं होतं, हेही सांग. दोनदा फोन हातात घेऊन मी खाली ठेवला. बाळाची काळजी आहेच. पण खरं सांगतो, त्याहून जास्त भीती वाटते ती हे कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल याची.

तुझाच,
दादा