शांत कोपऱ्यातलं टेबल

बाबा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. मत नंतर, तुमच्याच नियमाप्रमाणे.

१. डिसेंबरात मी आणि माझा नवरा चार दिवसांसाठी व्हिएन्नाला गेलो. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या बर्फातून निघून तिथल्या बर्फात. तिकिटं त्याने काढली होती.

२. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मला एका जुन्या कॉफी हाउसमध्ये घेऊन गेला.

३. केक आल्यावर त्याने सांगितलं की जूनपासून आपण पुण्याला राहायला जातोय. त्याच्या कंपनीने बदली मंजूर केली आहे.

४. मला हे तोपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्या मॅनेजरला आणि आईवडिलांना माहीत होतं.

५. मी आवाज चढवला नाही.

हे पत्र पाचव्या मुद्द्यासाठी आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझा नवरा तुम्ही पाहिलेला नाही आणि त्यानेही तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. तरीही त्या दुपारी त्याने जे केलं ते हुबेहूब तुमचं होतं.

ती जागा तुम्हाला आवडली असती. काळ्या कोटातला वेटर चकचकीत तबकात कॉफी आणि सोबत पाण्याचा लहान ग्लास ठेवून जातो. शेजारच्या टेबलावर एक म्हातारी बाई लाकडी दांडीला अडकवलेलं वर्तमानपत्र वाचते आहे. कोणी चमचा बशीत ठेवला तरी ऐकू येतं. माझा कोट अजून पाठीवर ओला आहे, आणि हा म्हणतो, "ऐक ना, एक गुड न्यूज आहे. जूनपासून पुणे. ट्रान्सफर अप्रूव्ह झाली."

"कोणाची?"

"माझी. म्हणजे आपली. तुला तिकडे आरामात जॉब मिळेल यार, तुझ्या प्रोफाइलला कोण नाही म्हणणार आहे?"

"मॅनेजरशी कधी बोललास?"

त्याने काट्याने केकवरची साखर बाजूला केली. "सहा आठवडे झाले असतील."

"असतील की झाले?"

"झाले. अगं, सरप्राइज होतं! आईने वरची खोलीपण रंगवून घेतली."

"कुठला रंग?"

"लाइट पिस्ता. का?"

मी काटा बशीत ठेवला. तेव्हा तो पुढे झुकून हळूच म्हणाला, "प्लीज, इथे नको ना." मी तोवर तक्रारीचं काहीच बोलले नव्हते, बाबा. माझ्या न बोललेल्या वाक्यालाही त्याने गप्प केलं, आणि ते त्याला जमलं, कारण शेजारी ती बाई पेपर वाचत होती. मी पाणी प्यायले. केकसुद्धा संपवला.

मग मला नाशिकचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही सातपूरच्या कारखान्यातून येता, चपला नीट जोडीने ठेवता आणि दारातूनच म्हणता, "कपडे बदला, आज बाहेर जाऊ." मी आनंदाने उडी मारते. आईचे हात परातीतल्या कणकेत थांबतात. ती विचारते, "आता काय ठरवून आलात?" तुम्ही हसता, "अगं, चल तर." उडप्याच्या हॉटेलात तुम्ही तिच्यासाठी आधी कांदा उत्तप्पा मागवायचात, माझ्यासाठी मसाला डोसा, आणि सांबारची वाटी दुसऱ्यांदा भरून आली की तुमची बातमी यायची. आजोबा कायमचे आपल्याकडे राहायला येणार, ही बातमी तिथे. तुम्ही दोन वर्षांसाठी इंदूरजवळच्या प्लांटवर जाणार, ही तिथे. नोकरी सोडून मुदतीआधीच निवृत्ती घेतली, हीसुद्धा तिथेच, आणि त्या दिवशी तुम्ही आइस्क्रीम मागवलं होतं. आई उत्तप्प्याचे बारीक बारीक तुकडे करत बसायची. भोवती शेजारपाजारचे लोक, तुमच्या कंपनीतली माणसं. ती काय बोलणार? मला वाटायचं आपले बाबा किती मोकळे, बायकोला हॉटेलात नेऊन सगळं सांगतात. माझ्या मैत्रिणींचे वडील तेवढंही करत नव्हते. मी हे शाळेत कौतुकाने सांगितलंय, याचा आज मला संताप येतो.

कारण तुम्हाला विचारण्याची पद्धत माहीत नव्हती असं नाही. एका सुट्टीत तुम्ही मला तुमच्या तपासणीच्या खोलीत नेलं होतंत. टेबलावर पोलादी पिनांचा ढीग, आणि नापास मालाला लावायचा लाल रंग. तुम्ही एक पिन माझ्या हातात देऊन विचारलंत, "बरोबर आहे?" मी म्हटलं, "वाटतंय." तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "वाटणं म्हणजे माप नव्हे. पुन्हा असं बोललीस तर इथे आणणार नाही." मी रडवेली झाले. मग तुम्ही तीच पिन माझ्याकडून तीन ठिकाणी मोजून घेतलीत. बारावी झाल्यावर पिना मोजायचा तुमचा व्हर्निअर मला दिलात, लाल मखमलीच्या डबीसकट. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी आज वैद्यकीय उपकरणं तपासण्याचं काम करते ते त्या खोलीमुळे, हे मला मान्य आहे. पण ज्या माणसाने एक पिन तीनदा मोजल्याशिवाय पुढे पाठवली नाही, त्याने आईला एकदाही विचारलं नाही, "तुला चालेल का?" तिच्या बाबतीत तुम्ही आयुष्यभर "वाटतंय" यावर काम भागवलंत. हा माल मी नापास करते.

परत आल्यावर आईला फोन केला. सगळं ऐकून तिने आधी विचारलं, "काय खाल्लंस तिथे?"

"चॉकलेटचा केक. कोरडा होता."

"मला निदान आवडीचं मागवायचे," ती म्हणाली आणि हसली. "तुझ्या बाबांचा जावई शोभतो हो."

"तू कधी भांडली नाहीस?"

"घरी येऊन भांडायचे की. तू झोपलेली असायचीस. पण तोवर सगळं ठरलेलं असायचं. ठरलेल्याशी काय भांडणार?" मग तिने विचारलं, "तू बोललीस का त्याच्याशी?"

मी म्हटलं, "अजून नाही." घरी येऊन पाच दिवस झालेत. तो रोज सकाळी न सांगता माझ्या गाडीवरचा बर्फ खरवडून ठेवतो. रात्री विचारतो, "अजून अपसेट आहेस?" मी म्हणते, "विचार करतेय." तो मान हलवतो, आणि मला प्रत्येक वेळी बरं वाटतं, कारण चूक त्याची आहे आणि आकडा माझ्याजवळ आहे. सहा आठवडे.

आता दुसरा आकडा. तो मी वरच्या क्रमवारीत घातला नाही. कॅरी नावाच्या गावातल्या एका औषध कंपनीने मला टीम लीडची ऑफर दिली आहे. नेपरव्हिलहून ते विमानाच्या अंतरावर आहे. आम्ही निघालो त्याच्या आदल्या आठवड्यात पत्र आलं, आणि मी नवऱ्याला सांगितलं नाही. व्हिएन्नातल्या शेवटच्या संध्याकाळसाठी मी एका रेस्टॉरंटमध्ये टेबल घेतलं होतं. बुकिंग करताना खाली सूचनांची एक रिकामी चौकट होती. त्यात मी लिहिलं होतं, शक्यतो शांत कोपरा द्यावा. त्याला बदकाचं मांस आवडतं, तेही मेनूत आहे ना हे पाहून घेतलं होतं. कॉफी हाउसमधून परतल्यावर हॉटेलच्या बाथरूममध्ये उभं राहून मी ते बुकिंग रद्द केलं. तो माझ्याआधी एक दिवस बोलला, एवढंच.

गेले पाच दिवस मी स्वतःला सांगतेय की पत्र आल्यापासून माझे दहाच दिवस होतात. पण मोजायला पहिल्या इंटरव्ह्यूपासून सुरुवात करायला हवी, कारण त्याचं मी मॅनेजरशी बोलल्यापासून मोजलं. मी आज कॅलेंडर काढून मोजलं. कॉफी हाउसमधल्या त्या दुपारपर्यंत त्याचे सहा आठवडे होतात. माझे सात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते व्हर्निअरच्या डबीत राहील. तरी विचारते. इतक्या वर्षांत एकदा तरी, चपला काढल्यावर, आई कणीक मळत असताना, ओट्याशी उभं राहून तिला विचारावं असं तुमच्या मनात आलं होतं का? आलं असेल तर कशाने थांबलात? सोमवारी सकाळी मला कॅरीला उत्तर द्यायचंय, आणि त्याआधी याला घरीच, आमच्या किचनमध्ये विचारायचंय. सुरुवात कशी करायची ते मला माहीत नाही. कृपया रविवार दुपारपर्यंत कळवा.