तुझ्या वेळेचा काटा

चिमणीस दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझा गुडघा, तुझ्या वहिनीचं डोकं आणि घरातली शांतता, तिन्ही बिघडली आहेत. तुझा खोकला कसा आहे? फोनवर "बरी आहे" म्हणतेस, ते मी धरत नाही.

बिघाडाचं कारण घड्याळ. मुलाला ऑफिसात भेट मिळालं, त्याला आवडेना, म्हणून माझ्याकडे आलं. (या घरात नावडत्या वस्तू माझ्याच खोलीत येतात.) मनगटी आहे, प्रवासाचं, आटोपशीर, बाहीत सहज लपतं, आणि चक्क कांशाचं. त्यात तासकाटे दोन: एक इथला, एक परमुलखाचा. मी दुसरा काटा तुझ्या वेळेला लावून घेतला आणि जेवताना जाहीर केलं, की मी चिमणीकडे जाणार. एकटा जाणार. सगळे हसले. तिथेच मी हट्टाला पेटलो.

आधी मनगटावर हिरवं कडं उमटलं. रक्त नासलं असं वाटून मी डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी ओल्या कापसाने पुसलं, हिरवं निघालं, जीव भांड्यात पडला. घरी येऊन घड्याळ लिंबाने लख्ख घासलं, तर सून हळहळली, "बाबा, तो काळसरपणाच तर याची शोभा होती!" (आपल्या आईच्या ताटल्या काळ्या राहिल्या तर बोलणी खावी लागत. असो.) पुढे वाटलं, तिकडे झोपेचं खोबरं होण्यापेक्षा इथेच सवय करावी. म्हणून तुझ्या काट्यावर जगू लागलो. भर दुपारी पांघरूण घेऊन निजायचो, सकाळी नाश्त्याच्या वेळी रात्रीचं जेवण मागायचो. वहिनी म्हणाली, "तिकीट कशाला? तुम्ही पोचलातच की!"

शेवटी मुलाने परीक्षा घेतली. दातांच्या डॉक्टरांकडे बसने एकट्याने जाऊन यायचं. बस बरोबर पकडली, उतरलोही बरोबर, पण वेळ बघितली तुझ्या काट्यावर. शटर बंद. माघार घ्यायची नाही म्हणून पायरीवर बसलो आणि (सवय लागलेली) गाढ झोपलो. मुलगा शोधत आला तेव्हा कवळी रुमालात आणि मी घोरत. वाटेत तो एवढंच म्हणाला, "आत्याने बोलावलंय तरी का?" मी म्हटलं, "रोज बोलावते!" आता काहीही होवो, मी येणार. घड्याळ झोपतानाही काढत नाही.

तुझा दादा

ता. क. रोज बोलावतेस हे मी ठोकून दिलं आहे. तू एकदाही ये म्हणाली नाहीस. माझ्या गुडघ्याची काळजी करतेस, हे मला कळतं. पण आता पत्राने बोलाव, म्हणजे जेवताना मोठ्याने वाचता येईल. खोकला वाढलाय असं लिही. फार वाढवू नकोस, नाहीतर माझ्याऐवजी मुलालाच पाठवतील.

पुन्हा ता. क. आत्ता वहिनी पाणी ठेवायला आली. माझं मनगट उजेडाकडे वळवून म्हणाली, "वन्सं उठल्या असतील. औषध घेतात की नाही, कोण जाणे." तेव्हा बोलावणं दोघांना कर. एकट्याने यायला मी भीत नाही. पण दोन काट्यांतला तुझा कोणता, ते तिलाच बरोबर कळतं.