मुके भोंगे

२४ मार्च
"एकदा टाकलं की जाळं विसरायचं, पोरी." लग्नाच्या वर्षी मामंजी म्हणाले होते. कल्कान मासा चपटा, आळशी, तळाशी पडून राहणारा; त्याची जाळी आठवडा-आठवडा समुद्रातच. मला कधी विसरता आलं नाही. घरात सगळे जेवत असतात आणि मी मनाने तिथे, खाली, त्या काळोखात.

आज नवऱ्याने, स्तामेनने, यंदाची जाळी टाकली. वरच्या दोरीला मामंजींनी भोंगे बांधलेत. वार्नाहून आलेल्या, डॉल्फिन वाचवायचं काम करणाऱ्या रालित्साने दिले. मुठीएवढे, पाण्यात गेले की आपोआप टिकटिकतात. ते ऐकून डॉल्फिन लांब राहतात म्हणे. धक्क्यावरून पान्तो ओरडला, "स्तामेन, माशांना बँडबाजा?" "तुझ्या लग्नातल्यापेक्षा बरा वाजतो," स्तामेन म्हणाला. किती दिवसांनी थट्टा केली त्याने.

२५ मार्च
गेल्या वसंतात जाळ्यात डॉल्फिनची मादी सापडली होती, बुडून मेलेली. वर येऊन श्वास घेता आला नाही तिला. पोटात पिल्लू होतं. सोडवताना स्तामेनच्या हाताला ते लागलं. घरी येऊन एवढंच सांगितलं त्याने, आणि मग— "आणखी एक आला तर बोट विकतो. जर्मनीला जाऊन भावाबरोबर विटा उचलीन."

बोलून विसरणारा माणूस नाही तो. इथले अर्धे नवरे असेच गेले. नाताळला येतात, पाहुण्यासारखे बसतात.

रालित्साला मीच बोलावलं.

२९ मार्च
ईशान्येचा वारा. कोणाचीच बोट बाहेर नाही.

३० मार्च
शेडमध्ये उरलेला एक भोंगा दिसला. काळ्या चिकटपट्टीने घट्ट गुंडाळलेला. सहज पाण्याच्या बादलीत टाकला. गप्प. पट्टी सोलली तर बाजूला दोन पितळी ठिपके, टोकांसारखे वर आलेले. पुन्हा बुडवला— टिकटिक.

मामंजींना विचारलं, सगळेच गुंडाळले?

"मग? टोकं अडकतात. सोडताना जाळं फाटलं असतं."

खरंच आहे. जाळ्यावर काही वर आलेलं दिसलं की ते गुंडाळतात. त्यांचे वडीलही गुंडाळायचे. पण ठिपक्यांना पाणी लागलं तरच भोंगा जागा होतो, हे त्यांना सांगितलं कोणी? मी बादली दाखवली. पट्टीसकट, मग पट्टीशिवाय.

"स्तामेनला आत्ता सांगू नकोस. या वाऱ्यात जाईल तो."

जाईलच. नाही सांगितलं.

३१ मार्च
वारा. घेवड्याची चोर्बा केली, गरम सूप बरं वाटतं अशा हवेत. जेवताना स्तामेन म्हणाला, "भोंगे आहेत म्हणून बरं. नाहीतर या हवेत मला झोप लागली नसती." मामंजींनी चमचा खाली ठेवला. मी वाढत राहिले.

१ एप्रिल
वारा. त्याच्याकडे बघवत नाही.

२ एप्रिल
पहाटे वारा पडला. तो बोटीवर चढायच्या आधी सगळं सांगितलं. तो माझ्याकडे नाही, बापाकडे बघत होता. "चिकटपट्टी," म्हणाला. "बाबा, चिकटपट्टी?" इंजिन चालू केलं. मामंजी न विचारता बोटीत चढले.

दुपारी परत आले. जाळ्यात दोन डॉल्फिन, मेलेले. एक मोठा, एक लहान. कल्कानही भरपूर. मामंजींनी दोघांना स्वतः सोडवलं म्हणे, त्याला हात लावू दिला नाही. स्तामेन किनाऱ्यावरच बसून राहिला. मी शेजारी जाऊन बसले. "तू तरी आधी सांगायचंस," म्हणाला.

३ एप्रिल
सकाळी पान्तो बोट बघून गेला. स्तामेन भावाशी फोनवर बोलतोय, हळू आवाजात. मामंजी शेडमध्ये एकेका भोंग्याची पट्टी सोलताहेत.

आमच्या धक्क्यावरून बाई कधी मासेमारीला गेलेली नाही. फोन झाला की त्याला म्हणणार आहे: जायचं तर जा, पण बोट विकू नकोस. मला दे. मी आणि मामंजी जाऊ.

नाही म्हणेल. मामंजी त्याच्याही आधी.